पंचसूत्रीतला ‘नियमित’: नागपूरच्या एका दिव्यांग बचत गटाचं प्रकरण

आमच्या गटाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यात जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या बैठकीच्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे, “सलग तीन गैरहजेरी, दंड १५० रुपये, कर्ज मागणी नामंजूर.” खाली अकरा जणांच्या सह्या अन् अंगठे. जिचं कर्ज नामंजूर झालं तिचीही सही त्यात आहे. अन् तीन सह्या अशा लोकांच्या आहेत ज्यांना आपण कशावर सही करून राहिलो हे त्या दिवशी माहीतच नव्हतं. हे प्रकरण पूर्ण लिहून काढायचं मी तेव्हापासून मनात धरलं होतं, कारण नियम मीच लिहिले होते अन् लिहिताना मला ते एकदम न्यायाचे वाटले होते.

गट झाला ऑगस्ट २०२३ मधे. आमच्यातले बरेच जण एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या रांगेत, तिथं तीन-तीन तास सोबत बसलं की ओळख होतेच. सरकारच्या शहरी उपजीविका अभियानात तेव्हा बचत गटाला एरवी दहा तरी सभासद लागायचे, दिव्यांगांचा गट असला तर पाचही चालायचे, अन् पुरुषांना गट करता यायचा तो फक्त दिव्यांग असले तरच. आम्ही अकरा झालो. नावं लिहीत नाही, पण कोण कुठून येतं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

मी पोलिओवाला, उजवा पाय, त्रिमूर्तीनगरला राहतो, घर स्वतःचं, जातीनं कुणबी, साइड व्हील लावलेली गाडी आहे. अध्यक्ष झाले ते काका, अपघातात पाय गेलेला, रिटायर्ड, पेन्शन येते, प्रतापनगरला तळमजल्यावर घर, जातीनं वरचे. बैठका त्यांच्याच हॉलमधे. हुडकेश्वरच्या वहिनी, त्याही पोलिओच्या. गोकुळपेठेत पानठेला चालवणारा भाऊ, त्याची उंची साडेतीन फूट. जरीपटक्याकडे भाड्याच्या खोलीत राहणारं एक दृष्टिहीन जोडपं, सीताबर्डीच्या फुटपाथवर अगरबत्ती, कंगवे, मोबाईलचे कव्हर विकतात. दोन कर्णबधिर पोरं, दोघंही मूकबधिर शाळेत शिकलेली. मोमिनपुऱ्याची आपा, तीही कर्णबधिर, पण शाळेत कधीच गेली नाही, शिलाईत मात्र हिच्या जवळपास कोणी नाही. इंदोऱ्याची ताई, वय २८, बौद्ध, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पेशंट. अन् नाऱ्याचा एक गोंड पोरगा, १९ वर्षांचा, त्यालाही सिकलसेल.

तेव्हा आम्ही मोठ्या अभिमानानं सांगायचो, बघा, सगळ्या प्रकारचे अपंग एका गटात. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आम्ही त्यातले पाच एका सतरंजीवर बसवले होते.

अभियानाची जी ताई गट बांधायला आली तिनं पंचसूत्री शिकवली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पाचही वेळा ‘नियमित’. मी त्यावरून आमची नियमावली लिहिली: महिन्याला प्रत्येकी २०० रुपये, पहिल्या अन् तिसऱ्या रविवारी सकाळी ११ वाजता बैठक, उशिराला १० रुपये, गैरहजेरीला ५० रुपये, लागोपाठ तीनदा नाही आला तर सहा महिने कर्ज नाही. सगळ्यांना सारखं. कोणाला सूट नाही, कोणावर मेहरबानी नाही. आम्हा अपंगांना जन्मभर लोकांची दया मिळालेली असते, त्यामुळे “सूट नाही” हे ऐकून तर मला छाती फुगल्यासारखं झालं होतं.

काम मिळालं कापडी पिशव्यांचं. २०१८ ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून अशा ऑर्डरी निघतात. काकांच्या ओळखीतून १,२०० पिशव्या आल्या, कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई एका पिशवीला ६ रुपये. कर्णबधिर पोरं कापायची, आपा, ताई अन् वहिनी शिवायच्या, दृष्टिहीन जोडपं घड्या घालून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचं, त्यांच्या गठ्ठ्यात एकदाही गिणती चुकली नाही. दिवाळीआधी माल गेला, ७,२०० रुपये आले, अकरा सारखे वाटे केले, प्रत्येकी ६५४. टाळ्या वाजल्या, फोटो काढले.

त्या १,२०० पैकी ४७० पिशव्या एकट्या आपानं शिवल्या होत्या. सहाच्या भावानं तिचे २,८२० होत होते. तिला मिळाले ६५४, काकांना फोन केल्याबद्दल ६५४, मला रजिस्टर लिहिल्याबद्दल ६५४. ही गोष्ट तेव्हा कोणी बोललं नाही. आपाला बोलताच येत नव्हतं आमच्याशी.

आता डिसेंबर. नागपूरची थंडी पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नसते, इथं उन्हाळा ४५ डिग्रीचा तसा हिवाळाही हाडात शिरणारा. इंदोऱ्याची ताई डिसेंबरच्या दोन्ही बैठकांना आली नाही, जानेवारीच्या पहिल्यालाही नाही. फोन केला तर तिची आई म्हणायची, “बरं नाई तिले.” जानेवारीच्या दुसऱ्या बैठकीला आली. संक्रांतीचा आठवडा, वहिनींनी तिळगूळ आणला होता, सगळ्यांना वाटून झाला अन् ताईनं ३,००० रुपयांचं कर्ज मागितलं, शिलाई मशीनला मोटर बसवायला अन् मशीन दुरुस्त करायला. पाय मारून मारून तिचा खुबा दुखायचा.

काकांनी नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, “मी काहून दंड देऊ? मी का फिरायले गेली होती? भरती होती नं मी.” तिनं दवाखान्याचा कागदही काढला. तेव्हा कोणीतरी बोललं, हातपाय तर चांगले आहेत. दुसरं कोणी, हिचं तर सर्टिफिकेटही टेम्पररी आहे. तिसरं वाक्य मी लिहितो कारण ते लपवलं तर हे प्रकरण खोटं होईल: “यांना तर सगळीकडेच मिळते, इथंही पाहिजे.” ‘यांना’ म्हणजे सिकलसेलवाल्यांना नव्हे. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं कोणाला ते. मी खाली बघून नामंजूर लिहिलं. ताईनं सही केली अन् निघून गेली, सोबत नाऱ्याचा पोरगाही उठला.

दोन दिवसांनी मी इंदोऱ्याला तिच्या घरी गेलो. खरं सांगतो, समजूत काढायला गेलो होतो, की नियम म्हणजे नियम. तिच्या आईनं एक प्लास्टिकची पिशवी भरून रिपोर्ट समोर ठेवले. आई-बाप दोघंही एएस पॅटर्न, म्हणजे वाहक, त्यांना स्वतःला त्रास नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्याची शक्यता चारात एक. ताई एसएस. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमधे अडकतात, अन् मग जे दुखणं सुरू होतं त्याला ते लोक ‘क्रायसिस’ म्हणतात. थंडी लागली, पाणी कमी प्यालं, जास्त मेहनत झाली, ताप आला, कशानंही. डिसेंबरात तिला रक्त चढवावं लागलं होतं. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, महिनाभर काम करतो अन् एका रात्रीत उठता येत नाही. नियमित हा शब्द या शरीराला लागूच होत नाही.

अन् हा आजार कोणाला होतो बघा. विदर्भात तो जास्त करून आदिवासींमधे अन् अनुसूचित जातींमधे आहे. एकेकाळच्या मलेरियाच्या मुलखात वाहकांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं म्हणून तो टिकला, अन् लग्नं जातीतल्या जातीतच होत आल्यामुळे तो त्याच घरांमधे फिरत राहिला. म्हणजे आमच्या गटात कोणाच्या वाट्याला कोणतं अपंगत्व आलं यातही जात होती. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ताई त्या दिवशी एक बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. “दादा, २१ मधे आमचं नाव आहे म्हणतात. पण नोकरीच्या ४ टक्क्यांत पाहा कुठं आहे तं.” मी घरी येऊन पाहिलं. खरंच आहे. कायद्याच्या कलम ३४ मधे सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण आहे, त्यात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार असे गट मोजून दिलेत, बहुविकलांगही, पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार कोणत्याही गटात नाहीत. व्याख्येत आत, नोकरीत बाहेर. आम्ही बैठकीत तिच्याशी तेच केलं होतं.

मग मी एक हिशोब मांडला, जो गट सुरू करतानाच मांडायला पाहिजे होता. दोनशे रुपये बचत सगळ्यांना सारखी होती, पण त्या सतरंजीवर येऊन बसायला कोणाला काय पडत होतं? काकांना शून्य. मला पेट्रोलचे २०. ताईला दोन ऑटो बदलून जाण्यायेण्याचे ८०. आपाला एकटीला येऊ देत नव्हते, भावाला सोबत यावं लागायचं, दोघांचे १२० अन् भावाची अर्धी रोजी. (२०११ च्या जनगणनेत देशातल्या अपंग पुरुषांपैकी ४७ टक्के काहीतरी काम करणारे होते अन् अपंग बायकांमधे फक्त २३ टक्के, हा फरक कुठून येतो ते आपाच्या दारात उभं राहिलं की दिसतं.) दृष्टिहीन जोडप्याला ऑटोचे १६० तर होतेच, पण खरा मार वेगळा होता, रविवार हा बर्डीवर सगळ्यात जास्त धंद्याचा दिवस. महिन्यातले दोन रविवारचे अर्धे-अर्धे दिवस ते आम्हाला देत होते अन् आम्ही त्यांना उशिराचा दंड लावत होतो. ज्याच्याजवळ कमी त्याला एकत्र येणं महाग, असं सरळ गणित होतं अन् मी त्याला समानता म्हणत होतो.

आणखी एक. काकांकडे चहा यायचा तेव्हा तीन-चार स्टीलचे कप असायचे अन् बाकी कागदाचे. मला दरवेळी स्टीलचा यायचा. मी समजत होतो कप कमी असतील. ताईला विचारलं तर ती म्हणाली, “पहिल्याच दिवशी कळलं होतं मले. तुम्हाले दिसलं नाई कारण तुमच्या हातात स्टीलचा होता.” काकू मुद्दाम करत होत्या की सवयीनं, मला ठरवता येत नाही. पण ताई, नाऱ्याचा पोरगा, आपा अन् तिचा भाऊ, यांच्या हातात एकदाही स्टीलचा कप आला नाही हे आता आठवलं की दिसतं.

बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे ती हीच. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. अपंगांमधेही ही उतरंड आहे, अन् जातीच्या उतरंडीवर ती चपखल बसते. मी आजवर ज्या ज्या अपंगांच्या संघटना पाहिल्या त्यात पुढं असतो तो बहुतेक पायानं अपंग असलेला पुरुष, बोलता येतं, वाचता येतं, गाडी आहे. मग अंध, मग कर्णबधिर, मतिमंद मुलांच्या आया कोपऱ्यात, अन् ज्यांचं दिसतच नाही ते सगळ्यात शेवटी. वरून अपंगत्वाच्या टक्क्यांची भांडणं, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, ४० ते ८० टक्क्यांना पिवळा पट्टा अन् ८० पासून पुढं निळा, तर निळ्यावाला पिवळ्याला सांगतो तुझं काय एवढं. संजय गांधी निराधारचे १,५०० रुपये तेव्हा ज्यांना मिळत होते त्यांच्यावर ज्यांना मिळत नव्हते ते चिडलेले. एवढ्याशा भाकरीवर अकरा जण, दुसऱ्याचा तुकडा मोठा दिसणारच.

आमच्यातले एक-दोघं नेहमी आनंदवनाचं उदाहरण द्यायचे. तिथं, वरोऱ्याला, नागपूरपासून शंभर किलोमीटरवर, कुष्ठरोगमुक्त, अंध, बहिरे, पायानं अपंग मिळून शेती करतात, कापड विणतात, सत्तर वर्षांहून जास्त चाललंय, मग आपल्यालाच काय झालं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण तिथं माणसं एकाच आवारात राहतात, जेवण एकत्र, कामाला जायला ऑटो लागत नाही, भावाची परवानगी लागत नाही, दवाखाना आवारातच. बाबा आमट्यांनी एकोप्याचा उपदेश तर केलाच असेल, पण आधी राहण्या-खाण्याचा सवाल सोडवला. आम्ही माणसं शहराच्या चार टोकांवर ठेवली, प्रत्येकाला आपापल्या घरच्या गरिबीत अन् जातीत ठेवलं, अन् महिन्यातून दोनदा दोन तास एक व्हा म्हटलं.

फेब्रुवारीत मी हा सगळा हिशोब बैठकीत वाचला. कपांचं सोडून. ते वाचायची हिंमत झाली नाही, नंतर काकांना एकट्याला सांगितलं, ते फार दुखावले अन् आमचं बोलणं बंद झालं ते आजही तसंच आहे. बैठकीत तीन तास भांडण झालं. त्यातच एक गोष्ट अचानक बाहेर आली: कर्णबधिर पोरांपैकी थोरल्यानं मोबाईलवर लिहून विचारलं, जानेवारीत नेमकं काय ठरलं होतं? आम्हाला वाटत होतं काकांचा पुतण्या त्यांना खुणांनी सगळं सांगतो. तो सांगायचा “पैसे, सही, ठीक आहे.” एवढंच. ताईचं कर्ज नाकारलं ते पोरांना महिन्याभरानं कळलं. अन् आपाला तर पोरांच्या खुणाही नीट कळत नव्हत्या, पोरं शाळेतली सांकेतिक भाषा बोलतात, आपा घरात तयार झालेल्या खुणा, दोन्हीत बराच फरक. आम्ही तिघांना ‘कर्णबधिर’ म्हणून एका रांगेत बसवून मोकळे झालो होतो.

नियम बदलले ते एका दिवसात नाही, जूनपर्यंत चाललं. बैठक रविवारवरून बुधवारी संध्याकाळी. जागा इंदोऱ्याच्या एका बुद्धविहाराचा हॉल, फुकट, तळमजला, इंदोरा चौक मेट्रो स्टेशनपासून जवळ. कामठी रोडची ही मेट्रो डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, लिफ्ट आहे, दृष्टिहीन जोडप्याला ऑटोपेक्षा किती तरी स्वस्त पडते. मोमिनपुराही तिथून लांब नाही. आजारपणाला दंड नाही, फोनवरून हजेरी चालते. बचत १०० किंवा २०० ज्याला जे झेपेल, पण कर्ज गरजेवर. शिलाईच्या ६ पैकी ४ रुपये शिवणाऱ्याला, २ गटाच्या खात्यात, त्यातून सगळ्यांचा प्रवास खर्च अन् कापणारे, गठ्ठे बांधणारे यांची मजुरी. अन् सही करण्याआधी थोरला पोरगा ठरावाचा खुणांमधे व्हिडिओ करतो, आपासाठी परत वेगळं, हळूहळू, चित्र काढून. तो तिच्याकडून तिच्या खुणा शिकला, याचं श्रेय कोणत्याही नियमाला नाही.

विहारात बैठक ठरल्यावर काका आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले अन् जुलैत राजीनामा पाठवला. पानठेलेवाला भाऊही सुटला, त्याचं कारण खरंच धंद्याचं होतं असं मला वाटतं, संध्याकाळी ठेला सोडता येत नाही. नाऱ्याचा पोरगा परत आलाच नाही, दोनदा घरी गेलो, तो भेटला, चहा पाजला, हो म्हणाला, आला नाही. आता आठ उरलो. काकांसोबत त्यांच्या ओळखीच्या ऑर्डरीही गेल्या, सहा महिने काम जवळजवळ बंदच होतं. हेही लिहायलाच पाहिजे. ओळख हीसुद्धा भांडवल असते अन् ती आमच्यात एकाच माणसाकडे होती. ताईला कर्ज मात्र मार्चमधेच मिळालं, मोटर बसली, दंडाचे १५० परत केले ते तिनं निमूट मोजून घेतले.

नोव्हेंबर २०२४ मधे ६०० पिशव्यांची ऑर्डर आली, वहिनींच्या भावाकडून. ताईच्या वाट्याला १५० होत्या. डिसेंबरच्या पहिल्याच थंडीत ती परत भरती. माल वेळेवर गेला, अन् हिशोबाच्या दिवशी वहिनींच्या लक्षात आलं की ताईच्या नावावर पूर्ण १५० लागल्या आहेत. ताईनं शिवल्या होत्या ८०. उरलेल्या ७० आपानं शिवल्या, रोजच्या नोंदीत ताईच्या नावापुढे रेघा मारल्या अन् कोणाला सांगितलं नाही. वहिनी म्हणाल्या, ही खोटी नोंद आहे, आपाच्या घामाचे पैसे आपालाच गेले पाहिजेत, मागच्या वेळी तिला ६५४ वर बसवलं तेव्हा तुम्हीच म्हणाले नं अन्याय झाला. दृष्टिहीन दादा म्हणाले, तिचे पैसे, ती कोणालाही देईल. ताई म्हणाली, मले नको. थोरल्या पोरानं आपाला विचारलं, तिनं काय सांगितलं ते त्यानं मोबाईलवर लिहून मला दाखवलं: “पुढच्या वेळी माझे हात दुखले तर?”

रात्रीचे साडेनऊ वाजले, विहार बंद करायची वेळ झाली. मी रजिस्टरमधे लिहिलं, २८० रुपयांचा विषय पुढील बैठकीत. व्हिडिओ झाला, मग सह्या झाल्या.